‘समाज’ नावाचा रकाना: नाशिकच्या पक्ष-कार्यालयांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरातील सर्व राजकीय पक्षांचे शहराध्यक्ष, मंडल अध्यक्ष, विभागप्रमुख, शाखाप्रमुख आणि बूथप्रमुख यांस,

स.न.वि.वि.

महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागला, गुलाल धुऊन झाला आणि मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या या शहराला पुन्हा नगरसेवक मिळाले. लोकसभा-विधानसभा आता थेट २०२९ ला. तुम्हा मंडळींना सध्या जरा उसंत आहे, म्हणून लिहिते. प्रचाराच्या दिवसांत लिहिलं असतं तर मजकूर राहिला असता बाजूला आणि ‘या बाई कोणाच्या?’ एवढीच चौकशी झाली असती.

कोणाचीच नाही, हे आधीच सांगून टाकते. मी निवृत्त शिक्षिका. राहायला सिडकोत, माहेर-सासर दोन्ही कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातलं. नोकरीत असताना बीएलओ, म्हणजे घरोघर जाऊन मतदार यादी तपासणारी केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून उन्हातान्हात दारोदार फिरले, मतदान केंद्रावर पेट्या आणि मशीन दोन्ही सांभाळल्या. माझे विद्यार्थी झाडून सगळ्या पक्षांत आहेत, त्यामुळे सगळ्या कार्यालयांत चहा मिळतो. अशाच एका कार्यालयात एका विद्यार्थ्याने मोठ्या कौतुकाने लॅपटॉप फिरवून दाखवला. मतदार यादीचा भाग, अनुक्रमांक, नाव, वय, मोबाईल आणि त्याच्यापुढे ‘समाज’. शेवटी रंग भरलेले: हिरवा म्हणजे आपला, लाल म्हणजे त्यांचा, पिवळा म्हणजे कुंपणावरचा. ‘मॅडम, अख्खा प्रभाग मुठीत आहे,’ तो म्हणाला. मी आमच्या घराच्या ओळी शोधायला लावल्या. नवऱ्याच्या नावापुढे एक जात, माझ्या नावापुढे दुसरी आणि मुलाच्या नावापुढे ‘इतर’. तिघांचं आडनाव एकच. यादीचे भाग वेगवेगळ्या पोरांना वाटून दिले होते, ज्याला जे वाटलं ते त्याने भरलं.

हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे. तो सगळ्याच पक्षांकडे आहे. कोणी कागदावर ठेवतं, कोणी ॲपमध्ये, कोणी डोक्यात.

आधी त्याच्या अचूकपणाबद्दल. पवार, जाधव, गायकवाड, मोरे, सोनवणे, शिंदे ही आडनावं आपल्या जिल्ह्यात मराठा, दलित, कोळी, भिल्ल, माळी अशा कितीतरी घरांच्या पाट्यांवर दिसतात. गावात हे खपून जातं, कारण गावात माणूस आडनावाने नाही, गल्लीने आणि भावकीने ओळखला जातो. श्रमिकनगरच्या तीन मजली चाळीत, जिथे एका जिन्यावर धुळ्याचा, बीडचा, गोरखपूरचा आणि सुरगाण्याचा बिऱ्हाडकरू राहतो, तिथे आडनाव वाचून जात लिहिणारा कार्यकर्ता नुसती अटकळ बांधत असतो. ती अटकळ शीटमध्ये एकदा टाइप झाली की माहिती होते, आणि त्या माहितीवर तिकिटं वाटली जातात.

पण समजा, रकाना शंभर टक्के बरोबर भरला. तरी त्यातून तुम्हाला काय कळतं?

आपल्याच शहराचा हिशोब बघा. २००९ च्या विधानसभेत नाशिक पूर्व, मध्य आणि पश्चिम या तिन्ही जागा मनसेने घेतल्या. २०१२ ला महापालिकेत १२२ पैकी ४० जागा घेऊन तोच पक्ष सर्वांत मोठा ठरला. २०१४ ला विधानसभेच्या तिन्ही जागा भाजपकडे गेल्या. २०१७ च्या महापालिकेत भाजपचे ६६ आले आणि मनसेचे ५. आठ वर्षांत सिडकोतल्या, पंचवटीतल्या, नाशिकरोडच्या माणसांच्या जाती बदलल्या होत्या का? घरं तीच, आडनावं तीच, देव्हाऱ्यातले टाक तेच. जे बदललं ते तुमच्या शीटमध्ये कुठल्याच रकान्यात नव्हतं.

जरा शहराबाहेर बघू. मे २०२४ मध्ये लोकसभेला राजाभाऊ वाजे १ लाख ६२ हजार मतांनी निवडून आले, त्यात एकट्या सिन्नरने त्यांना लाखाहून मोठं मताधिक्य दिलं. ‘आपल्या गावचा माणूस दिल्लीला चाललाय’ म्हणून सिन्नर उठलं होतं. सहा महिन्यांनी, नोव्हेंबरात, त्याच सिन्नरने विधानसभेला समोरच्या आघाडीचे माणिकराव कोकाटे निवडून दिले. मतदार तेच, प्रश्न वेगळा होता.

आणि मालेगाव मध्य. ‘एकगठ्ठा’ हा शब्द तुम्ही ज्या मतदारसंघासाठी राखून ठेवलाय तो. मे २०२४ मध्ये धुळे लोकसभेत बाकीच्या विधानसभा क्षेत्रांत मागे पडलेल्या काँग्रेसच्या शोभा बच्छाव मालेगाव मध्यच्या मतांवर ३,८३१ मतांनी निवडून आल्या. झालं, सगळ्यांनी लिहून टाकलं की हा समाज डोळे झाकून एका बाजूला जातो. नोव्हेंबरात तिथे विधानसभेला असा सरळ दुभंग झाला की एमआयएमचे मुफ्ती इस्माईल अवघ्या १६२ मतांनी निवडून आले. गठ्ठा होता तर सहा महिन्यांत सुटला कसा? लोकांना जिथे धोका वाटतो तिथे ते एकत्र येतात आणि धोका वाटेनासा झाला की नळ, रस्ता, भावकी, नेत्याचा स्वभाव यावरून भांडून वेगळे होतात. मराठा, माळी, वंजारी, बौद्ध, ब्राह्मण, उत्तर भारतीय, कोणीही घ्या, हेच करतो. दुसऱ्याच्या समाजाचा गठ्ठा आणि आपल्या समाजात मात्र विचारवंत, असं प्रत्येकाला वाटतं, एवढाच काय तो फरक.

आणखी एक गोष्ट तुमचे आकडेवाले सोयीस्कर विसरतात. निकालानंतर तुम्हाला बूथनिहाय मतं मिळतात. बूथच्या यादीतली माणसं तुम्हाला माहीत असतात. कोण येऊन गेलं, हे तुमच्या एजंटने यादीवर टिकमार्क करून ठेवलेलं असतं. पण कोणी कोणाला मत दिलं, हे या तिन्ही कागदांत मिळून कुठेच नसतं. एखाद्या बूथवर निम्मी नावं एका समाजाची आणि तुमच्या उमेदवाराला निम्मी मतं, यावरून त्या समाजाने तुम्हाला मत दिलं असा निष्कर्ष काढता येत नाही. कदाचित बाकीच्या निम्म्यांनी दिलं असेल. कदाचित दोन्हीकडून अर्धे-अर्धे. तरी निकालाच्या रात्री छातीठोकपणे सांगितलं जातं, ‘अमुक समाज आपल्याला पडला नाही.’ आणि मग पाच वर्षं त्या गल्लीतला पथदिवा लागत नाही.

हे शेवटचं वाक्य रागाने लिहिलं नाही. मतपत्रिकांच्या काळात काही ठिकाणी अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजत, म्हणजे कुठल्या वस्तीने कोणाला दिलं ते कळू नये. मशीन आल्यावर मोजणी केंद्रनिहाय झाली आणि हजार-बाराशे मतदारांची वस्ती उघडी पडली. अनेक मशीनची बेरीज एकदम दाखवणारं ‘टोटलायझर’ यंत्र निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात पाठिंबा दिला, केंद्र सरकारला ते पटलं नाही. तुमच्यापैकी एकाही पक्षाच्या शहर शाखेने यावर कधी ठराव केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ‘तुमच्या बूथवर आम्हाला काय मिळालं ते माहितीये आम्हाला’ हे वाक्य मात्र मी फुलेनगरच्या बायकांकडून ऐकलंय, वडाळ्यातल्या बायकांकडूनही. बोलणारे वेगवेगळ्या पक्षांचे होते.

आता मतदानाच्या टक्क्याकडे येते. वस्तीत कोण राहतं याचा खरा परिणाम दिसतो तो इथे. मत कोणाला, यापेक्षा मत देणं जमलं का, यावर.

दर निवडणुकीनंतर ‘नाशिककर उदासीन’ अशी ओरड होते. मे २०२४ मध्ये शेजारच्या दिंडोरी लोकसभेत ६६.७५ टक्के आणि नाशिकला ६०.७५ टक्के. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत राज्याचा आकडा ६६.०५ टक्के. कळवण आणि दिंडोरी ७८ च्या आसपास, आणि शहरातले तिन्ही मतदारसंघ साठीच्या आत. मग भाषणं होतात की आदिवासी शेतकरी रांगा लावतो आणि गंगापूर रोडचा सुशिक्षित माणूस सुट्टी काढून लोणावळ्याला जातो. काही जण जातातही. पण एवढ्याने वीस टक्क्यांची दरी पडत नाही.

बीएलओची पिशवी घेऊन सातपूर-अंबडच्या मागच्या वस्त्यांमध्ये फिरून बघा. सकाळी अकराला जा, निम्म्या दारांना कुलूप. पहिल्या पाळीचा माणूस सहालाच गेलेला. दुपारी चारला जा, दुसऱ्या पाळीचा गेलेला आणि रात्रपाळीचा झोपलेला. उघडं दार सापडलं तर आतली बाई म्हणते, ‘आम्ही नवीन आहोत.’ नवीन म्हणजे किती? अकरा महिने. करार अकरा महिन्यांचा, तो संपला की भाडं वाढतं, भाडं वाढलं की खोली बदलते, खोली बदलली की यादी भाग बदलतो. नाव मात्र तिथेच राहतं, दोन गल्ल्या मागे किंवा पार अशोकनगरला. पत्ता बदलायचा आठ नंबरचा फॉर्म भरायला सांगितलं की पत्त्याचा पुरावा निघत नाही. लाइटबिल मालकाच्या नावावर. मालक करारनाम्याची प्रत देत नाही, कारण त्याला वाटतं भाडेकरूचं नाव कुठल्याही सरकारी कागदावर चढलं की खोली गेली. कागद नसेल तर बीएलओ प्रत्यक्ष येऊन खात्री करू शकतो, तशी तरतूद आहे. भाडेकरूला ती माहीत नसते आणि हाताखाली हजारभर नावं व शिवाय शाळा असलेल्या बीएलओला ती सोयीची नसते. मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

म्हणजे एखाद्या भागात भाडेकरू किती, हा आकडा मला द्या, मी तुम्हाला तिथला टक्का चढेल की पडेल ते सांगते. जात विचारायची गरज पडणार नाही. तुमच्या एकाही शीटमध्ये ‘स्वतःचं घर की भाड्याचं’ हा रकाना मी पाहिलेला नाही.

वर कळवणचा टक्का सांगितला. त्यातला थोडा वाटा आमच्या सिडकोतून जातो. कसमादे आणि खान्देशातून इथल्या कारखान्यांत आलेल्या दोन पिढ्या आहेत. गावाकडची कानबाई देवी इथेच बसते, श्रावणात गल्ल्या भरून जातात, पण जमिनीचा उतारा, भावकी आणि कित्येकांचं मतदार यादीतलं नाव गावाकडे असतं. ग्रामपंचायतीला तर जावंच लागतं, नाही गेलं तर चुलता बोलत नाही. मग गावाकडची सवय लागते आणि लोकसभा-विधानसभेलाही मोटारसायकल सटाण्याच्या दिशेने निघते. काहींनी मध्येच इथेही नाव लावलं आणि तिकडचं काढलं नाही. या जानेवारीत यादीत ज्या नावांपुढे दोन तारे छापले होते, ते संभाव्य ‘दुबार’. तुम्ही लोकांनी त्यावर केवढं रान उठवलं, बोगस, घोटाळा, कटकारस्थान. कुठे खरंच गडबड असेल तर जरूर पकडा. पण माझ्या ओळखीतले दुबार म्हणजे बदली झालेला वायरमन, लग्न होऊन आलेली सून आणि गावाकडचं नाव काढायला मन न धजावणारा म्हातारा. सात नंबरचा फॉर्म भरून गावातलं नाव वगळायचं म्हणजे गाव सुटलं, असं त्याला वाटतं.

सुनेचा मुद्दा जरा थांबून बघा, कारण महापालिकेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत आणि भाषणांत तुम्ही सगळेच लाडक्या बहिणींचे सख्खे भाऊ असता. मुलगी अठराची झाली की कॉलेजात फॉर्म भरून नाव माहेरच्या यादीत जातं. लग्न झालं, नाव बदललं, आधार बदललं, बँक बदलली. मतदार यादी सगळ्यात शेवटी. बदलायला गेलं की नवऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, लग्नाचा दाखला, फोटो. तोवर पोटात बाळ. लग्नानंतरची पहिली निवडणूक तिची हमखास बुडते. एका बूथच्या यादीत पंचविशी-तिशीतल्या पुरुषांची आणि बायकांची नावं मोजून बघा, तफावत दिसली तर ती वस्तीतल्या बायकांची उदासीनता नसते, तो वाटेत अडकलेला कागद असतो.

आता दुसऱ्या टोकाला, गंगापूर रोड आणि कॉलेज रोडला. तिथे घरं स्वतःची आहेत, लाइटबिल स्वतःच्या नावावर आहे, मग टक्का का पडतो? बंगल्यात आजी-आजोबा. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूत, नातू अमेरिकेत. यादीत नावं पाचही. दोघांनी मत दिलं तरी त्या घराचा टक्का चाळीस. जुन्या नाशकात वेगळीच तऱ्हा. पावसाळ्यात वाडा खचला, भाडेकरू पाथर्डी फाट्याला गेले, वाड्याच्या जागी रिकामा प्लॉट, पण यादीत त्या घर क्रमांकावर अख्खं कुटुंब नांदतंय. त्यात वारलेली माणसं. मृत्यूचा दाखला महापालिका देते, यादी दुसरं खातं सांभाळतं, आणि घरच्यांना तेराव्यानंतर सात नंबरचा फॉर्म आठवत नाही.

समजा, बाराशे नावांचा बूथ आहे आणि ५४० जणांनी मत दिलं. टक्का ४५. आता त्यातली तीनशे नावं मयत, स्थलांतरित आणि दुबार निघाली तर खरे मतदार नऊशे, आणि टक्का ६०. म्हणजे जे हजर होते त्यांनी चोख काम केलंय. शाळा सोडून गेलेल्या पोरांची नावं हजेरीपटावर तशीच ठेवायची आणि उपस्थिती कमी म्हणून वर्गात बसलेल्यांना ओरडायचं, असा हा प्रकार.

दिवस कोणता निवडला, यानेही वस्ती-वस्तीचा टक्का हलतो. २० मेला लोकसभेचं मतदान म्हणजे शाळेला सुट्ट्या, लग्नतिथी आणि चाळिशीतलं ऊन. सिडको-सातपूरची निम्मी बिऱ्हाडं तेव्हा गावाकडे असतात. जानेवारीत द्राक्षाचा हंगाम सुरू होतो. पेठ-सुरगाण्याहून आलेली मजूर कुटुंबं तेव्हा मळ्यांवर किंवा शहरातल्या बांधकामांवर असतात, त्यांची नावं पाड्यावरच्या यादीत. ती आपल्या टक्क्यात मोजली जात नाहीत आणि आपल्या जाहीरनाम्यातही. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांवर अशीच माणसं राबताहेत. कॉलेजची मुलं तशीच. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला इथे नाव लावता येतं, पण तुमच्या युवा आघाड्या कॉलेजच्या गेटवर वाढदिवसाचे फलक लावण्यातून मोकळ्या झाल्या तर त्याला ते कळेल. बरं, या जानेवारीला यादी १ जुलै २०२५ ची धरलेली. त्यानंतर अठरा पूर्ण केलेल्या पोरांना मत देता आलंच नाही.

सुट्टीचं म्हणाल तर लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १३५-ब आहे, लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी. मालकाने दिली नाही तर दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत. कायम कामगाराला सुट्टी मिळते. ठेकेदाराकडच्या पोराला ‘दोन तास जाऊन ये’ सांगतात, आणि महापालिकेला बहुतेक प्रभागांत चार-चार मतं द्यायची असल्याने रांग काही दोन तासांत हलत नाही. त्यातून गेटवर पोलीस म्हणतो मोबाईल आत नेता येणार नाही. एकटा आलेला माणूस मोबाईल ठेवणार कोणाकडे? मी असे पाठ फिरवून गेलेले पाहिलेत, कंपनीच्या युनिफॉर्मात. दुपारनंतर तुमची पोरं मतदार बाहेर काढायला रिक्षा घेऊन फिरतात तेव्हा हा माणूस मशीनवर उभा असतो. अंबडच्या उद्योजकांच्या बैठकीत तुमच्यातले मोठे नेते जातात, पाण्याचा आणि विजेचा प्रश्न मांडतात. ठेका कामगाराला मतदानाला सोडण्याचा विषय कोणी काढल्याचं निदान मला तरी आठवत नाही.

प्रभागांचंही तसंच. ३१ प्रभाग, त्यातले २९ चारसदस्यीय आणि दोन तीनसदस्यीय. आखणी २०११ च्या लोकसंख्येवर, म्हणजे शहर १४ लाख ८६ हजारांचं होतं तेव्हाच्या. त्यानंतर पाथर्डी, म्हसरूळ, आडगाव, मखमलाबादच्या मळ्यांत किती इमारती उभ्या राहिल्या ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, काहींचे तर तुम्हीच बिल्डर आहात. चार जागांच्या प्रभागात तिकिटं देताना तुम्ही एक या समाजाचा, एक त्या समाजाचा असं ताट वाढता आणि त्याला समतोल म्हणता. त्या चौघांपैकी भाड्याने राहणारा कोणी असतो का? पाळीत काम करणारा? गेल्या दहा वर्षांत शहरात आलेला? शोधून बघा.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जनगणना होतेय आणि तीत जातींची मोजणी आहे. ती व्हायलाच हवी, कोणाला काय मिळालं नाही ते कळण्यासाठी. पण तुमच्या वॉर रूममध्ये तिची वाट वेगळ्याच कारणाने पाहिली जातेय, याची मला कल्पना आहे. आकडे आले की ते थेट त्या ‘समाज’ रकान्यात जाऊन बसतील. त्याच जनगणनेत घर स्वतःचं की भाड्याचं, पाणी कुठून येतं, माणूस मूळचा कुठला, कामाला किती लांब जातो, हेही विचारलं जातं. ते तक्ते उघडणारा तुमच्यात कोणी असेल का? जातीच्या किंवा धर्माच्या नावाने मत मागणं हा गैरप्रकार आहे, मग ती जात उमेदवाराची असो की मतदाराची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ ला बहुमताने सांगून ठेवलंय. यादी करणं त्यात बसत नाही, हे तुमचे वकील मला सांगतील. माहितीये. पण भाषणात न बोलता येणारी गोष्ट शीटमध्ये इतकी जपून कशासाठी ठेवायची?

म्हणून एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुठल्याही एका पक्षाने, किंवा दोघा-तिघांनी मिळून, सिडको किंवा सातपूरमधला एकच यादी भाग घ्यावा. ‘समाज’ आणि रंग हे दोन रकाने पुसावेत. त्या जागी लिहावं: घर स्वतःचं की भाड्याचं, माणूस इथे राहतो की नाही, कामाची पाळी कोणती, मागच्या वेळी मत दिलं नसेल तर का नाही. प्रत्येक पक्षाला बूथवर स्वतःचा एजंट नेमून बीएलओसोबत यादी तपासता येते. ही नेमणूक तुम्ही निवडणुकीच्या तोंडावर कागदोपत्री करता, ती आत्ता करा. मयतांचे सात नंबर, भाडेकरूंचे आणि सुनांचे आठ नंबर भरून द्या, मग तो तुमचा मतदार असो वा नसो. भाडेकरूच्या मालकाशी बोलायला नगरसेवक गेला तर करारनाम्याची प्रत निघते, हे मी पाहिलंय. आणि अंबडमधल्या एखाद्या ठेकेदाराला आत्ताच विचारून ठेवा की २०२९ ला पहिल्या पाळीच्या पोरांना किती वाजता सोडणार.

यादी भाग कुठला घ्यायचा ते ठरलं की कळवा. पावसाळ्याच्या आत सुरू केलं तर बरं, नंतर श्रावणात सगळे कानबाईच्या तयारीला लागतात आणि दारं उघडी असली तरी कोणी फॉर्म भरायला बसत नाही. रविवारी सकाळी मी फिरायला तयार आहे, जुन्या शाळेतल्या दोन-तीन बाईही येतील. तुमचा माणूस झेंडा आणि गमछा घरी ठेवून आला पाहिजे, एवढीच अट.

आपली,
सिडकोतली एक मतदार, निवृत्त शिक्षिका
नाशिक